जुव्यावरच्या अकरा मुली, एक होडी आणि एचपीव्हीची लस

सुरंगी | १९ सप्टेंबर २०२४, रात्री १०.४०

गणपती करून परवा परत आले. डोक्यात एक विषय घोळतोय, म्हणून धागा काढतेय. लांब होईल, आधीच सांगते.

माझं माहेर मालवण तालुक्यात, कालावल खाडीतल्या एका जुव्यावर. नाव मुद्दाम लिहीत नाही. घरं मोजकी आहेत, सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि विषय असा की कोणाची मुलगी हे लगेच कळेल. ज्यांना जुवा माहीत नाही त्यांच्यासाठी: खाडीच्या मधोमध असलेलं बेट. चारी बाजूंनी पाणी, पूल नाही. चौथीपर्यंतची शाळा बेटावर, पाचवीपासून होडीने पलीकडे. दुकान, दवाखाना, पोस्ट, बँक सगळं पलीकडे.

माझी आते चार वर्षांपूर्वी गेली. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. पाळी जाऊन सात-आठ वर्षं झाली होती आणि परत अंगावरून लाल जायला लागलं. तिने कोणाला सांगितलं नाही. का, तर ओहोटीच्या वेळी मुळे (खाडीतले शिंपले) काढायला गुडघाभर चिखलात उतरायचं काम तिचं, आणि "अशाने होतंच असेल" म्हणून तिने वर्ष काढलं. मग कंबर दुखायला लागली, मग पाय सुजले. बांबोळीला, गोव्याच्या सरकारी हॉस्पिटलात, नेलं तेव्हा डॉक्टरांनी काकांना बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं.

तर यंदा गौरीच्या दिवशी फुगड्या झाल्यावर बायका बसल्या होत्या आणि आतेचा विषय निघाला. मी म्हटलं, आता या कॅन्सरची लस आहे, मुलींना लहानपणीच देतात. एकीलाही माहीत नव्हतं. म्हणजे एकीला होतं. फेब्रुवारीत पूनम पांडे ही नटी याच कॅन्सरने गेल्याची खोटी बातमी पसरली होती, तेव्हा तिने ऐकलं होतं. "ती जिवंत निघाली म्हणजे रोगही खोटाच ना?" असं तिने मला विचारलं.

आमच्या मुंबई मंडळाकडे साठ हजार रुपये शिल्लक आहेत. साउंड सिस्टिम घ्यायचं चाललंय. मी म्हटलं, मुलींना लस देऊया. शाळेतून यादी काढली, नऊ ते चौदा वर्षांच्या अकरा मुली. मंडळात दोन तट पडलेत. मला माहिती हवी आहे: किती डोस, कोणती लस, बेटावर आणायची कशी, आणि आयांना काय सांगायचं.

---

मुंबईकर_चाकरमानी | १९ सप्टेंबर, रात्री ११.१५

वाचतोय. आमच्या मंडळात असा विषय निघाला असता तर अध्यक्षांनी चहा मागवून बदलला असता.

---

बालवैद्य | २० सप्टेंबर, सकाळी ७.५०

सुरंगीताई, मी लहान मुलांचा डॉक्टर, जिल्हा तुमचाच. जमेल तेवढं लिहितो.

गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूच्या लांबलेल्या संसर्गातून होतो. हे दाखवून दिलं म्हणून हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. विषाणूचे प्रकार शंभरावर आहेत, पण १६ आणि १८ हे दोनच सुमारे ७० टक्के कॅन्सरना जबाबदार. संसर्ग बहुतेक बायकांना कधी ना कधी होतो आणि बहुतेकींचा आपोआप जातो. ज्यांचा जात नाही त्यांच्यात दहा-पंधरा-वीस वर्षांनी कॅन्सर दिसतो. भारतात २०२२ च्या अंदाजानुसार वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण आणि ८० हजारांच्या आसपास मृत्यू.

लशीत जिवंत विषाणू नाही, मेलेलाही नाही. विषाणूचं नुसतं वरचं कवच, तेही यीस्टमध्ये तयार केलेलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्वाव्हॅकला जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली, बाजारात २०२३ मध्ये आली. ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर चालते. छापील किंमत डोसला २००० रुपये. परदेशी लशींपैकी चार प्रकारांवरची चार हजारांच्या आसपास, नऊ प्रकारांवरची दहा हजारांच्या पुढे. तुमच्या साठ हजारांत कोणती बसते ते उघड आहे.

अजून, म्हणजे सप्टेंबर २०२४ मध्ये, ही लस सरकारी नियमित लसीकरणात नाही. लसीकरणाच्या राष्ट्रीय सल्लागार गटाने शिफारस केली आहे: आधी ९ ते १४ वयाच्या सगळ्या मुलींना एकदाच, आणि मग दरवर्षी नऊ वर्षांच्या मुलींना. यंदाच्या फेब्रुवारीतल्या अर्थसंकल्पीय भाषणातही "प्रोत्साहन देऊ" असं आलं. पण आज तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन मागितलीत तर मिळणार नाही.

डोसांचं संध्याकाळी लिहितो. ओपीडी सुरू झाली.

---

खडूस_तात्या | २० सप्टेंबर, सकाळी ९.०५

डॉक्टरांनी एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली. २००९ साली आंध्रात खम्मम आणि गुजरातेत वडोदरा इथे एचपीव्हीचीच लस आदिवासी मुलींना टोचली होती. सात मुली मेल्या. २०१० मध्ये सरकारने ते थांबवलं. संसदेच्या समितीने ताशेरे ओढले. आता जुव्यावरच्या गरिबांच्या पोरी सापडल्या का?

---

चेडवाचो_बापूस | २० सप्टेंबर, सकाळी ९.४०

माझा चेडू तेरा वर्षाचा. होडी घेवन जावक माका काय त्रास नाय, होडी माझीच असा. पण कागदावर सही बापाशीची होयी तर मी ट्रॉलरवर, आठ आठ दिवस समुद्रात. बायलेची सही चलतली काय?

---

सुरंगी | २० सप्टेंबर, दुपारी १.२०

दादा, आईची सही चालायलाच हवी. सिस्टर किंवा डॉक्टर नक्की सांगतील. आणि तुम्ही जून-जुलैत घरी असता तेव्हा खाडीला पूर असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन महिने मासेमारी बंद, बाप घरी, पण होडी घालायची सोय नाही. मग ऑगस्टपासून होडी चालते आणि बाप गायब.

---

बालवैद्य | २० सप्टेंबर, रात्री ९.३०

तात्या, गाळली नव्हती. विचारलंत ते बरं झालं.

तो 'पाथ' या संस्थेचा प्रकल्प होता. सात मृत्यू खरे. चौकशीत ते लशीमुळे झाल्याचं निघालं नाही. कोणी बुडून, कोणी सर्पदंशाने, कोणी कीटकनाशक पिऊन, कोणी तापाने. पण ताशेरे खरे होते आणि योग्यही होते. वसतिगृहातल्या मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डननी सह्या केल्या होत्या. आईबापांना माहीतच नव्हतं. लस चांगली असली म्हणून असं वागायला परवानगी मिळत नाही. म्हणून बापूसदादांचा प्रश्न मला इथला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आई सही करू शकते. पण वाचून, विचारून, "नको" म्हणायची मोकळीक ठेवून. शाळेने किंवा मंडळाने गठ्ठ्याने करायची सही नव्हे.

आता यातून निघालेली एक विलक्षण गोष्ट. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा एक वेगळा अभ्यास भारतात चालू होता, आपल्याकडे पुणे आणि बार्शी ही केंद्रं त्यात होती. दोन डोस पुरतात की तीन लागतात, एवढंच बघायचं होतं. २०१० मध्ये सगळंच थांबवल्यावर तोही अर्धवट राहिला. सतरा हजारांहून अधिक मुलींपैकी पाच हजारांच्या घरात मुलींना एकच डोस मिळाला होता. त्यांच्याकडे लक्ष ठेवलं गेलं. दहा वर्षांनी पाहिलं तर १६ आणि १८ च्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसचं संरक्षण ९५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दोन-तीन डोसवाल्यांइतकंच. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये ९ ते २० वयाला एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यामागे आफ्रिकेतल्या एका चाचणीबरोबर आपल्या या अर्धवट राहिलेल्या अभ्यासाचाही हात आहे.

लशीच्या डब्यावर मात्र आजही ९ ते १४ वयाला सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस असंच लिहिलंय, आणि आम्ही खाजगीत तसंच देतो. १५ पूर्ण झाली की तीन. म्हणून पंधरा पुरी होत आलेली कोणी असेल तर तिला आधी आणा.

---

खडूस_तात्या | २० सप्टेंबर, रात्री १०.१०

वॉर्डनच्या सहीबद्दल तरी कबूल केलंत. बाकी मी बघतोय.

---

कोकणकन्या_८१ | २१ सप्टेंबर, सकाळी ११.००

वाचनखूण साठवली. माझं वय ३८, मी घेतली तर चालेल का?

---

बालवैद्य | २१ सप्टेंबर, दुपारी २.१५

सर्वाव्हॅक ९ ते २६ वयासाठी आहे. ३८ व्या वर्षी लशीपेक्षा तपासणीचा उपयोग जास्त. तीस ओलांडलेल्या प्रत्येकीने गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी, सरकारी केंद्रात ती व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून करतात. एक मिनिट थांबायचं, पांढरा डाग उठला तर पुढे पाठवायचं. टाटा हॉस्पिटलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांचा अभ्यास केला, त्यातल्या निम्म्या बायकांवर हे करून पाहिलं, साध्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडून. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशात तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत जेमतेम दोघींची कधीतरी ही तपासणी झालेली आढळली.

सुरंगीताईंच्या आतेला लस मिळण्याचा काळ नव्हता, पण ही तपासणी मिळायला हवी होती.

---

निवृत्त_सिस्टर | २२ सप्टेंबर, दुपारी ४.४५

मी बत्तीस वर्षं आरोग्यसेविका होते, त्यातली अकरा खाडीकाठच्या उपकेंद्रात. दोन जुवे माझ्याकडे होते. होडीतून लशीचा डबा मांडीवर घेऊन गेलेली बाई आहे मी, तेव्हा जरा ऐका.

पहिलं म्हणजे ही अकराची यादी फाडून टाका. शाळेची यादी म्हणजे शाळेत असलेल्या मुलींची यादी. २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षं, शाळाशाळांतून. आमचा आकडा शंभर टक्क्यांच्या वर गेला होता! साहेब खूश. मी मात्र घरोघर फिरले तर एका जुव्यावर चार पोरं सापडली, जी कुठल्याच शाळेच्या पटावर नव्हती. मग शंभराच्या वर आकडा आला कुठून? पलीकडच्या गावची पोरं आमच्या शाळेत मोजली गेली होती. शाळा सोडलेली, मावशीकडे राहणारी, हॉस्टेलची, कामाला बाहेरून आलेल्यांची, ही पोरं पटावर नसतात. आशाताईला आणि अंगणवाडी सेविकेला बरोबर घ्या आणि घर क्रमांक एकपासून सुरुवात करा. "तुमच्याकडे मुली किती?" असं विचारायचं नाही. "काल रात्री घरात कोण कोण झोपलं होतं, आणि कोण एरवी असतं पण काल नव्हतं?" असं विचारायचं. उत्तर वेगळं येतं.

दुसरं. लस जुव्यावर नेऊ नका. मुलींना पलीकडे आणा.

मला माहितीये सगळे म्हणतील, सेवा दारात न्यायला हवी. पोलिओ दारात न्या, तोंडात दोन थेंब. इंजेक्शनचं तसं नाही. दहा लाखांत एक-दोघींना जोराची ॲलर्जी येते. तिथे ॲड्रिनॅलिन देता येईलही, पण पुढे? १०८ पलीकडच्या रस्त्यावर उभी, मध्ये खाडी, आणि ओहोटी लागली तर होडी चिखलात रुतलेली. मी दोनदा हे भोगलंय, लशीमुळे नाही, एकदा बाळंतिणीला आणि एकदा साप चावलेल्या म्हाताऱ्याला घेऊन. लस द्यायची ती जिथून गाडी निघू शकते तिथेच.

शिवाय ही लस गारठली की संपली. लोकांना वाटतं लस म्हणजे जितकी थंड तितकी चांगली. हिला दोन ते आठ अंश लागतात, पण गोठली की बाद. फ्रीजरमधून काढलेले आइसपॅक सरळ डब्यात भरले तर बाटली त्यांना टेकून गोठते, आणि वरून काही कळत नाही. आइसपॅक बाहेर काढून ठेवायचे, घाम फुटेपर्यंत. मग कानाशी धरून हलवायचे. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की भरायचे. नवीन पोरी घाईत हे करत नाहीत.

तिसरं, मुली चक्कर येऊन पडतात. लशीने नाही, सुईच्या भीतीने. एक पडली की तिला बघून दुसरी, आणि मग गावभर "पोरी बेशुद्ध पडल्या". म्हणून उपाशी आणायचं नाही, बसवून किंवा आडवं करून टोचायचं, आणि रांग समोरासमोर लावायची नाही. आतल्या खोलीत एकेकीला घ्यायचं, दुसऱ्या दाराने बाहेर. नंतर अर्धा तास तिथेच बसवायचं. होडीत बसल्यावर चक्कर आली तर काय कराल?

आयांना काय सांगायचं, तर कॅन्सर सांगा. "मुलगी मोठी झाल्यावर तिला पिशवीचा कॅन्सर होऊ नये म्हणून." संसर्ग कसा होतो हे विचारलं तर खरं सांगा, शरीरसंबंधातून, लपवू नका, पण सुरुवात तिथून करू नका. "लग्नाआधी कशाला?" असं म्हणणारी आई भेटेलच. तिला सांगायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन खिळा लागायची वाट बघून देत नाहीत. मूल होणार नाही ही अफवा प्रत्येक लशीच्या वाट्याला येते, पोलिओच्या थेंबांनाही आली होती. थेंब घेतलेल्यांना आता पोरं झालीत.

---

सुरंगी | २२ सप्टेंबर, रात्री ८.३०

सिस्टर, तुमचा निरोप दोनदा वाचला. एकदा आईला फोनवर मोठ्याने वाचून दाखवला. आई म्हणाली, "आमच्या वेळची बाय ही, अशी सगळ्यांवर ओरडायची."

---

किल्लेकरीण | २३ सप्टेंबर, दुपारी १२.१०

अर्नाळा किल्ल्यावरून. आमच्याकडे विरारची बत्ती दिसते रात्री, मुंबईची लोकल जवळ, तरी होडीतून उतरताना गुडघाभर पाण्यात पाय घालावाच लागतो. माझ्या मुलीला मी विरारला नेऊन खाजगीत लस दिली, दोन्ही डोस. दुसऱ्याला तिची परीक्षा, मग वारा, मग मासळीचा हंगाम. सहा महिन्यांचे नऊ झाले. डॉक्टर म्हणाले चालेल. पैशापेक्षा मला दुसऱ्या फेरीचंच जड गेलं.

---

दर्यावर्दी | २३ सप्टेंबर, रात्री ११.५५

मालेला उतरलोय, म्हणून लिहितो. मालदीवने २०१९ मध्ये ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात घेतली, पूर्ण देशच बेटांचा असताना. भूतानने तर २०१० मध्ये. आणि आपलं सिक्कीम, तिथे समुद्र नाही पण दऱ्या आहेतच, एकेक वस्ती म्हणजे बेटच. २०१८ मध्ये शाळांमधून ९ ते १४ च्या मुलींना दिली आणि प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर गेलं. म्हणजे दुर्गम असणं हे कारण पुरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचं २०३० चं लक्ष्य आहे की पंधराव्या वर्षापर्यंत ९० टक्के मुलींना लस मिळावी. तुमच्या अकरांत ९० टक्के म्हणजे ९.९ मुली. ती ०.९ मुलगी कुठून आणायची ते मंडळाला विचारा.

---

मुंबईकर_चाकरमानी | २४ सप्टेंबर, सकाळी ८.२०

०.९ मुलगी 😀 आमच्या मंडळाच्या हिशेबात सापडेल.

---

खडूस_तात्या | २४ सप्टेंबर, सकाळी ९.००

सिक्कीमचं सांगता, जपानचंही सांगा. २०१३ मध्ये त्यांच्या सरकारनेच शिफारस मागे घेतली होती.

---

बालवैद्य | २४ सप्टेंबर, रात्री ९.५०

बरोबर, सक्रिय शिफारस थांबवली, टीव्हीवर मुलींना झटके येतानाची दृश्यं दाखवल्यानंतर. सत्तर टक्क्यांच्या आसपास असलेलं प्रमाण एका टक्क्याच्या खाली गेलं. पुढच्या अभ्यासांत त्या तक्रारी लस न घेतलेल्या मुलींमध्येही तितक्याच निघाल्या, आणि २०२२ च्या एप्रिलपासून शिफारस परत सुरू झाली. मधल्या नऊ वर्षांतल्या मुलींना आता वेगळी मोहीम काढून बोलवावं लागतंय. उलट बाजूला स्कॉटलंड. तिथे १२-१३ व्या वर्षी पूर्ण लस घेतलेल्या मुलींत गर्भाशयमुखाचा पसरलेला कॅन्सर एकीतही आढळला नाही, हे याच वर्षी जानेवारीत प्रसिद्ध झालंय.

---

सुरंगी | १४ ऑक्टोबर २०२४, रात्री १०.०५

दसऱ्याला गावी जाऊन आले. आशाताई, अंगणवाडीच्या बाई आणि मी, तिघी घर क्रमांक एकपासून फिरलो. सिस्टरनी सांगितलेला प्रश्न शब्दशः विचारला.

अकरा नाहीत. चौदा आहेत.

बारावी मुलगी कणकवलीला हॉस्टेलवर असते, तिचं नाव तिथल्या शाळेत. तिथे कोणी लस देईल तेव्हा ती जुव्याची, आणि जुव्यावर देऊ तेव्हा ती कणकवलीची. तेरावीने आठवीत शाळा सोडली, पलीकडे काजूच्या कारखान्यात जाते, सकाळी पहिल्या होडीला. शाळेत नाव कमी केलेलं, म्हणून शाळेच्या लेखी ती नाहीच. तिला चौदा पूर्ण होऊन पाच महिने झालेत. डॉक्टरांनी "तिला आधी आणा" लिहिलं होतं ती हीच.

चौदावीवरून मंडळात भांडण झालं. जुव्याच्या टोकाला एका पुणेकराचं होमस्टे आहे, तिथे राखणदार नेपाळी कुटुंब. त्यांची मुलगी बारा वर्षांची. पलीकडे मराठी शाळेत घातली होती, पण मधूनच बंद केलं. मंडळाचे खजिनदार म्हणाले, "ती आपल्या गावची नाही. उद्या निघून गेली तर आपले पैसे वाया." मी म्हटलं, आपल्या मुली तरी लग्न होऊन गावातच राहणार आहेत का? यावर बैठकीत पाच मिनिटं कोणी बोललं नाही. मग एक काकी म्हणाल्या, "तिची आवस माझ्याकडे मासे घेवक येता. मी तिका काय तोंड दाखवू?" विषय तिथे संपला. साउंड सिस्टिम पुढच्या वर्षी.

आता खरा पेच. चौदा जणींना एकेक डोस म्हणजे २८ हजार. दोन दोन म्हणजे ५६. साठात बसतं, पण होडी, रिक्षा, नाश्ता धरला तर काठावर. काही जण म्हणतात, एक डोस पुरतो ना, मग उरलेल्या पैशांत बायकांची तपासणी करा.

---

बालवैद्य | १५ ऑक्टोबर, सकाळी ७.४०

आधी चौदाही जणींना पहिला डोस. यात दुमत नको. सात जणींना दोन आणि सात जणींना शून्य, हा सगळ्यांत वाईट हिशेब. दुसऱ्याचे पैसे बाजूला ठेवा, डब्यावर लिहिलंय तसं मेमध्ये देऊ. बायकांची तपासणी सरकारी आहे, फुकट आहे, त्यासाठी मंडळाचे पैसे लागत नाहीत. फक्त बायकांना पलीकडे यावं लागेल. मुलींबरोबर आया येणारच असतील तर दोन्ही एकाच फेरीत का नको? दवाखान्याची जागा मी देतो, रविवारी.

---

निवृत्त_सिस्टर | १५ ऑक्टोबर, सकाळी ८.१५

चौदा. बघा.

रविवार कोणताही चालणार नाही. भरती बघा.

---

खडूस_तात्या | १५ ऑक्टोबर, सकाळी ८.५०

भरतीचं मी सांगतो. तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहा वाजता. पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आसपास. आमचे वडील घड्याळ न बघता याच्यावर चालायचे. सकाळची एक आणि साधारण साडेबारा तासांनी संध्याकाळची एक. तुम्हाला सकाळी जायला आणि संध्याकाळी यायला पाणी हवं, म्हणजे अष्टमी-नवमी बघा. २४ नोव्हेंबरला रविवार आहे, कार्तिक वद्य नवमी. भरती पावणेसातला. साडेसातला सुटलात तर पाणी भरपूर, आणि परतताना चारनंतर पाणी चढायला लागलेलं असेल. निवडणुकीचा निकाल २३ ला, तोही आटोपलेला.

लशीबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण पोरींना चिखलातून चालवू नका.

---

चेडवाचो_बापूस | १५ ऑक्टोबर, रात्री ९.२०

तात्या बरोबर सांगतत. २४ तारखेक मी घरी रवतंय. होडी माझी.

---

सुरंगी | २५ नोव्हेंबर २०२४, सकाळी ६.३०

काल झालं. थोडक्यात लिहिते, बस चालू आहे.

तेरा जणी आल्या. संमतिपत्रं आठवडाभर आधी घरी दिली होती, नऊ आयांच्या सह्या, तीन बापांच्या, एक आजीची, जिथे आई नाही. एका आईने नको म्हटलं. आम्ही "बरं" म्हटलं आणि तिची मुलगी सोडून निघालो. म्हणजे जुव्यावरची मुलगी राहिली, नेपाळी मुलगी नव्हे. काजूवाली तेरावी सगळ्यांत पुढे बसली होती, रविवारचा खाडा मांडून आली होती. मंडळाने तिची दिवसाची मजुरी द्यायला हवी होती, कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही.

एक मुलगी पडली. सुई टोचण्याआधीच! सिस्टर स्वतः आल्या होत्या (हो, आल्या), त्यांनी तिला आडवं करून पाय उशीवर ठेवले आणि बाकीच्यांना बिस्किटं वाटली. दोघींचा हात दुखतोय, एकीला रात्री कणकण आली. एवढंच.

बायका सतरा आल्या. तपासणीला तयार झाल्या सहा. त्यातल्या एकीला पुढे ओरोसला, जिल्हा रुग्णालयात, पाठवलंय.

---

किल्लेकरीण | २५ नोव्हेंबर, सकाळी १०.००

सहा म्हणजे पुष्कळ. खूप बरं वाटलं वाचून. ओरोसवाल्या काकींचं कळवा.

---

सुरंगी | २९ नोव्हेंबर, रात्री ९.१०

काकींचा रिपोर्ट आला. सुरुवातीचे बदल आहेत, कॅन्सर नाही. उपचार तिथेच होणार. काकी म्हणजे त्याच, मासेवाल्या.

---

सुरंगी | २५ मे २०२५, रात्री ८.४५

धागा वर काढतेय. काल, २४ तारखेला, दुसरा डोस ठरला होता. द्वादशी, भरती नवाला, चाकरमानी गावात, शाळेला सुट्टी, सगळं जुळवलं होतं. आणि वीस तारखेपासून पाऊस धो धो. आज तर मान्सून आलाच म्हणतात, मेमध्ये! होडी सुटलीच नाही.

तेरांतल्या बारा जणी गावात आहेत. नेपाळी कुटुंब एप्रिलमध्ये रत्नागिरीकडे आंब्याच्या बागेत गेलं. सिस्टरनी प्रत्येकीच्या कार्डावर तारीख आणि बॅच नंबर लिहून दिला होता, ते कार्ड तिच्या आईने नेलंय. फोन लागला. तिकडच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलंय. पैसे मी पाठवीन.

नको म्हटलेल्या आईचा निरोप आला होता, "पुढच्या वेळी घ्या आमच्या चेडवाक." म्हणजे आता परत तेरा, पण एकीचा पहिला.

डॉक्टर, सहा महिन्यांचे नऊ-दहा झाले तर?

---

बालवैद्य | २५ मे, रात्री ९.३०

काही बिघडत नाही. सहा महिन्यांच्या आत देऊ नये, उशीर झाला तर चालतो. पहिला डोस परत द्यावा लागत नाही. भर पावसात होडी घालू नका.

---

खडूस_तात्या | २५ मे, रात्री ९.५५

मग गणपतीत घ्या. चतुर्थी २७ ऑगस्टला. ३१ ला रविवार, अष्टमी, भरती सहाला.

---

निवृत्त_सिस्टर | २५ मे, रात्री १०.०५

तात्या, ३१ ला गौरी येतात. कुठली आई पोरीला घेऊन होडीत बसेल?

---

खडूस_तात्या | २५ मे, रात्री १०.१२

राहिलंच की. २ सप्टेंबरला गौरी जातात. ३ ला बुधवार, एकादशी, सव्वाआठ.

---

चेडवाचो_बापूस | २५ मे, रात्री १०.४०

३ तारीख. लिवन ठेवलंय.